तिथीची पाऊणपट

रविवारी वसईला जायचं ठरलं, तेव्हा आईनं सर्वांत आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. मी मोबाइलवर रस्त्यावरची गर्दी बघत होते, ती तिथी बघत होती. “दशमी आहे. दहाचे पाऊणपट साडेसात,” ती म्हणाली. “साडेसातला भरती पुरी, दीडच्या सुमाराला ओहोटी. संध्याकाळी पाचच्या बोटीत बसलो तर पाणी चढतं मिळेल.”

आईचं माहेर केळव्याचं. किनाऱ्यावरच्या घरांमध्ये हे गणित पाढ्यांसारखं पाठ असतं. तिथीच्या आकड्याला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग सरकते, हे त्यामागचं कारण. हिशेबात थोडाफार फरक पडतो, म्हणून धक्क्यावर फोन करून बोटीची वेळ विचारावी लागतेच. पण दिवसाचा साचा या आकड्यावरून ठरतो.

दादर ते वसई गाव हे अंतर ५० ते ५५ किलोमीटरचं. पुणं याच्या जवळजवळ तिप्पट लांब, तरी पुण्याला जाताना कुणी एवढा विचार करत नाही. एकदा कळंबोली मागे टाकली की गाडी आपली धावत राहते. वसईच्या वाटेवर मात्र चार-पाच अरुंद तोंडं आहेत: कलानगर, दहिसर, काशीमिरा, फाउंटन नाका आणि मग खाडी. त्यातलं एक जरी तुंबलं तरी सव्वा तासाचे तीन तास होतात. त्यामुळे अंतरापेक्षा या तोंडांच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

एरवी हा प्रवास विरार फास्टनं तासाभरात होतो आणि मुंबईकरानं तोच करावा, असं माझं मत आहे. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून दादरचा जिना आणि वसईचा पूल तिला झेपत नाही. मावशी वसई गावात, वाडीतल्या घरात राहते. दोघी बहिणींची वर्षभरात भेट नाही. म्हणून गाडी.

जाताना महामार्ग आणि येताना बोट, असं ठरलं. २० फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान रो-रो फेरीबोट सुरू झाली आहे. गाडी थेट बोटीत चढवायची, पाव तासात खाडी पार. रस्त्यानं हाच पल्ला फाउंटनला वळसा घालून सुमारे ३८ किलोमीटरचा पडतो. रविवारी सकाळी सहाच्या आधी निघालं तर महामार्ग मोकळा मिळतो, तेव्हा बोटीची वाट बघण्यात अर्थ नाही. संध्याकाळी उलट. विरार-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून परतणाऱ्या गाड्या, गुजरातहून येणाऱ्या बसगाड्या आणि कंटेनर सगळे एकाच वेळी खाडीपुलावर येतात. त्या वेळी पाणी बरं.

शनिवारी रात्रीच गाडीत इंधन भरून ठेवलं. सकाळी सीएनजीच्या रांगेत अर्धा तास गेला तर पहाटे उठण्याचा सगळा फायदा पाण्यात जातो. हवा बघितली, पाण्याच्या दोन बाटल्या आणि बिस्किटांचा पुडा मागच्या सीटवर ठेवला. या बाटल्यांमागे एक कारण आहे, ते पुढे येईलच.

पावणेसहाला गोखले रस्त्यावरून निघालो. पोर्तुगीज चर्च अंधारात उभं होतं. पौषातली थंडी, काचा अर्ध्या वर. शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे लोक एव्हाना रस्त्यावर उतरले होते. एलजे रोड धरून माहीम, आणि मग माहीमचा बांध.

या रस्त्याचं नाव रोज घेणाऱ्यांनाही एलजे म्हणजे लेडी जमशेटजी हे पुष्कळदा आठवत नाही. माहीम आणि वांद्रे यांच्या मधली खाडी तेव्हा होडीनं ओलांडावी लागे. बांध घालायला सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये बांध वाहतुकीला खुला झाला. लोकांकडून टोल घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. आज या बांधावरून गाडी अर्ध्या मिनिटात निघून जाते. मुंबईतून उत्तरेला जाणाऱ्या या वाटेवरच्या पहिल्या खाडीवर एका बाईनं बांध घातला आणि तो सर्वांसाठी फुकट ठेवला, याबद्दल मला दर वेळी कृतज्ञता वाटते.

कलानगरचा चौक सहा वाजता शांत असतो. तिथून पश्चिम द्रुतगती महामार्ग सुरू होतो आणि दहिसरपर्यंत २५ किलोमीटर सरळ उत्तरेला जातो. वाकोला, पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव. एकामागून एक उड्डाणपूल. १९९५ नंतरच्या युती सरकारच्या काळात मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधायचा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि या रस्त्याचा चेहरामोहरा त्यातून बदलला. त्याआधी याच रस्त्यावर सिग्नलमागून सिग्नल लागत. आता डोक्यावर मेट्रो ७ चे खांब आले आहेत. अंधेरीपासून दहिसरपर्यंतचा हा मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाला. महामार्गाच्या मधोमध उभ्या असलेल्या या खांबांच्या ओळीमुळे रस्ता अरुंद वाटतो खरा, पण मेट्रोतून जाणारे हजारो लोक खाली रस्त्यावर आले असते तर काय झालं असतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

मालाडच्या पुढे उजव्या हाताला डोंगर दिसायला लागतो. बोरीवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार थेट महामार्गावर उघडतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्याच्या कडेला सहा-आठ पदरी रस्ता. या जंगलात बिबटे आहेत, आणि त्यांतल्या एकाची गोष्ट या प्रवासाशी फार जवळची आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढला गेला. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात त्याला सोडलं. अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूनं त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. महिनाभरात तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून या जंगलात पोचला. वाटेत रेल्वे होती, महामार्ग होते आणि वसईची खाडीही. खाडी तो पोहून आला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत त्याचा जीव गेला. सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्याच्यावर चित्रपट केला. आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ डोंगराकडे बघत राहिली. “पाणी त्यालाही पार करावं लागलंच की,” एवढंच म्हणाली.

सव्वासहाला दहिसर. इथं कधी काळी दोन रांगा असत, एक टोलची आणि एक जकातीची. जकात १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कराबरोबर गेली. टोल २००२ पासून होता, त्याच ५५ पुलांच्या खर्चासाठी. मोटारीला शेवटी शेवटी ४५ रुपये पडत. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. पुढचा टोलनाका खानिवड्याचा, तो विरार फाट्याच्याही पलीकडे. म्हणजे दादरहून वसईला मोटारीनं जाणाऱ्याला आज वाटेत कुठंही पैसे मोजावे लागत नाहीत. तरी नाक्याचा सांगाडा उभा आहे, अवजड वाहनं थांबतात, आणि त्यांच्यामागे बाकीच्यांची गती मंदावते. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात बंदी असते. ती बंदी उठण्याच्या सुमाराला, म्हणजे सकाळी अकराच्या आसपास, शहराबाहेर थांबलेले ट्रक एकदम हलतात. त्या तासात दहिसर ओलांडायला निघू नये.

दहिसरनंतर काशीमिरा, आणि मग फाउंटन हॉटेलचा नाका. इथं ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर गायमुखचा घाट चढून-उतरून इथंच येतात, आणि मुंबईतली वाहनंही इथंच. पुढे लगेच खाडी. दोन ओढे एका बोळात शिरावेत, तसं होतं. त्या सकाळी साडेसहाला वीसेक कंटेनर कडेला लागले होते. एका चालकानं केबिनच्या पायरीवर तांब्या ठेवला होता आणि तो रस्त्याकडे पाठ करून दात घासत होता. मागे कंटेनरच्या लोखंडावर दव साचलं होतं, त्याचे ओघळ धुळीतून खाली उतरले होते. रात्रभर चालवून तो इथं पोचला असणार. या लोकांना झोपायला, अंघोळीला धड जागा नाही, आणि आपण त्यांना ‘अवजड वाहतूक’ या एका शब्दात गुंडाळतो.

डाव्या हाताला घोडबंदरचा किल्ला आहे, टेकाडावर. खाडीवर नजर ठेवायला पोर्तुगिजांनी ही जागा हेरली होती, आणि मराठ्यांनी १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेची सुरुवात केली ती ठाणं आणि आसपासच्या अशाच जागा घेऊन. खाडीचे उतार ताब्यात आल्याशिवाय वसईला हात घालता येत नव्हता. चिमाजी अप्पांना जी अडचण सोडवायची होती, तिचा भूगोल अजून तोच आहे. मुंबई-साष्टी एकीकडे, वसई दुसरीकडे, मध्ये पाणी.

पुलाला सगळे वर्सोवा पूल म्हणतात आणि नवखे लोक अंधेरीच्या वर्सोव्याचा समज करून घेतात. इथल्या गावाचं नाव वरसावे. लोहमार्गानं ही खाडी १८६४ मध्येच ओलांडली. रस्त्याला त्यानंतर शंभरेक वर्षं थांबावं लागलं. २०१३ च्या शेवटी जुन्या पुलाच्या तुळईला तडा गेल्याचं लक्षात आलं आणि अवजड वाहनं बंद झाली. तेव्हा ट्रक चिंचोटी, कामण, अंजूरफाटा, भिवंडी असा वळसा घेत ठाण्याला जायचे. पालघर, वसई, विरारचे लोक कित्येक महिने तासन्‌तास पुलाच्या तोंडाशी अडकले. भाजीचे टेम्पो अडकले, रुग्णवाहिका अडकल्या. नव्या पुलासाठी २०२३ उजाडलं. चार पदरी नवा पूल सुरू झाला तेव्हा वसईच्या घराघरांत जो सुटकेचा श्वास टाकला गेला, तो शहरातल्या माणसाला कळणं कठीण आहे.

आता त्या पाण्याच्या बाटल्या. २०२४ मध्ये घोडबंदरपासून अच्छाडपर्यंत १२१ किलोमीटरच्या महामार्गावर जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर देण्याचं काम सुरू झालं. रस्ता टिकाऊ व्हावा हा हेतू योग्यच. पण काम झालेला पदर उंच आणि न झालेला खाली, मधल्या कडेवर ना पट्टा ना दिवा, आणि वाहतूक एका पदरातून. त्याच काळात मावशीच्या नातीचं बारसं होतं, आम्ही सकाळी नऊला दहिसर सोडलं आणि चिंचोटीला पोचायला साडेतीन तास लागले. आईला औषध घ्यायचं होतं आणि गाडीत घोटभर पाणी नव्हतं. पुढच्या टेम्पोतल्या एका मुलानं स्वतःची बाटली आणून दिली. बारसं आटोपलं होतं. ज्यांनी ते काम आखलं, त्यांनी दिवसातले कोणते तास सर्वांत कमी गर्दीचे आहेत एवढं विचारलं असतं, तरी हजारो लोकांचे दिवस वाचले असते. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

या रविवारी मात्र पूल तीन मिनिटांत पार झाला. खाली खाडी भरलेली, धुक्याचा एक पातळ थर पाण्यावर. आईनं घड्याळ बघितलं. “साडेसातला पुरी भरेल,” ती म्हणाली, आणि तिचा हिशेब बरोबर आल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुलापलीकडे ससूनवघर, मालजीपाडा. डावीकडे बापाणे फाट्यावरून नायगाव-जूचंद्रचा रस्ता फुटतो. जूचंद्र रांगोळीचं गाव. तिथले कलाकार माणसाचा चेहरा रांगोळीत असा उतरवतात की बघणारा जमिनीवर वाकून रंगाचे कण शोधत राहतो. चिंचोटीच्या पुढे तुंगारेश्वरचा डोंगर उजवीकडे साथ करतो. मग वसई फाटा. इथं डावीकडे उतरायचं, आणि ते उतरणं आधीच लक्षात ठेवावं लागतं. चुकलं तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

फाट्यापासून गावापर्यंतच्या वाटेवर वसईची दोन रूपं दिसतात. गोखिवऱ्यापासून स्टेशनपर्यंत इमारती, गाळे, रिक्षा. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली आणि २०११ च्या जनगणनेतच इथली वस्ती १२ लाखांवर गेली होती. रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला आलं, पारनाक्याकडे वळलं, की हळूहळू नारळ-सुपारीच्या वाड्या, विहिरी, केळी दिसायला लागतात. या हिरव्या पट्ट्यासाठी हरित वसई संरक्षण समितीनं मोठा लढा दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पण वसईत त्यांची ओळख आधी पाण्यासाठी आणि झाडांसाठी भांडणारे फादर अशी होती. ज्या विहिरींसाठी ते बोलले, त्यांतल्या काहींवर आजही वाड्या तगून आहेत.

सातला पाच कमी असताना आम्ही मावशीच्या दारात होतो. “ताई, अगं इतक्या लवकर?” म्हणत ती बाहेर आली. तिच्या हाताला केळ्याचा चिकट रस लागला होता.

अंगणात सुकेळ्यांचा मांडव होता. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलून उन्हात ठेवतात, रोज उलटतात, संध्याकाळी झाकतात. सात-आठ दिवसांत केळं तपकिरी होतं, बाहेरून किंचित कडक, आतून मऊ, आणि त्याच्या अंगावर स्वतःच्याच साखरेची चकाकी येते. मग केळीच्या सुक्या पानात घट्ट गुंडाळून पुडी बांधायची. मावशीनं एक केळं माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाएवढं झालेलं, उन्हानं कोमट. दातांना चिवट लागलं, आणि मग मधासारखी गोडी पसरली. ही सुकेळी करणारी घरं आता कमी होत चालली आहेत. राजेळीची लागवड, आठवडाभराची राखण आणि हाताशी माणसं, तिन्ही लागतं. मावशीच्या सुना नोकरीला जातात. मांडव ती एकटी सांभाळते.

दुपारी उकडहंडी झाली. वालपापडी, कोनफळ, रताळी, हिरवा मसाला. दोघी बहिणी जेवल्यावर ओटीवर बसून केळव्याच्या लोकांची नावं घेत राहिल्या, कोण आहे, कोण गेलं. मी त्या वेळात किल्ल्यात जाऊन आले. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांनी तो मराठ्यांच्या हवाली केला. आत आता पडक्या चर्चांच्या भिंतींवर वड-पिंपळ चढले आहेत. ओहोटीची वेळ होती. बंदराकडच्या बाजूला गाळ उघडा पडला होता आणि मासेमारीच्या होड्या एका कुशीवर कलंडल्या होत्या.

साडेचारला धक्क्यावर पोचलो. पुढे दहा-बारा गाड्या, दुचाक्यांची वेगळी रांग. बोटीचा रॅम्प खाली आला तेव्हा काठावरचा ओला पट्टा अजून दिसत होता, पण पाणी वर यायला लागलं होतं. खलाशानं हात वर करून बोटं आत वळवली. घ्या, घ्या, उजवीकडे, अजून, बस. पुढच्या गाडीच्या मागे वीतभर जागा ठेवून मी ब्रेक दाबला. हॅन्डब्रेक ओढून बाहेर आले, आईला हात देऊन कठड्यापाशी उभं केलं.

बोट सुटली. मागे किल्ल्याचा तट आणि माडांची रांग, डावीकडे खाडीवरचा रेल्वेपूल. सूर्य कलला होता आणि पाण्यावर त्याचा लांब तांबूस पट्टा पडला होता. तेवढ्यात पुलावरून विरारकडे जाणारी लोकल धडधडत गेली. दारात उभी असलेली माणसं ठिपक्यांसारखी दिसत होती. आई मोठ्यानं डबे मोजायला लागली. चाळीस वर्षं तिनं त्या गाडीनं माहेर-सासर केलं होतं, आणि तो पूल पाण्यातून ती पहिल्यांदाच बघत होती. “किती मोठा आहे गं,” ती म्हणाली. “आतून कधी कळलंच नाही.”

भाईंदरला पोचलो तेव्हा सव्वापाच. इथून रेल्वेचा पूल ओलांडून गोल्डन नेस्ट, काशीमिरा आणि परत दहिसर. फाउंटनच्या अलीकडेच आम्ही महामार्गाला लागणार होतो. रॅम्प टेकला, खलाशानं पुन्हा हात हलवला. मी पहिला गिअर टाकला. पाणी रॅम्पच्या कडेवरून दोन बोटं वर चढून परत फिरत होतं, आणि आईच्या मांडीवर सुकेळ्यांच्या सहा पुड्या होत्या.